मेणातली उठावशिल्पं: कच्चा खर्डा की पूर्ण कलाकृती? जाणकारांनी प्रकाश टाकावा

रानजाई

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेच. मी हौसेखातर मातीत आणि प्लास्टरमध्ये उथळ उठावाचं काम करते, पानंफुलं, वेलबुट्टी, कधी हिंमत झालीच तर एखादा चेहरा. हल्ली म्युझियमांच्या वेबसाइटवर तासन् तास पडीक असते आणि त्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली १८व्या शतकातली मेणाची छोटी पोर्ट्रेटं दिसली, आणि मग तिथेच अडकले. तळहाताएवढी असतात, चेहरा बाजूने, मागे काळी काच नाहीतर पाटी, वरून काच आणि भोवती गोल किंवा लंबगोल फ्रेम. काही पांढरट, हस्तिदंती वाटतात, तर काही पूर्ण रंगीत, गालाची लाली, निळा कोट, केसांवर पावडर, सगळं. झूम करून बघितलं तर एका बाईच्या गळ्याजवळची लेस इतकी बारीक आहे की तिच्या भोकांतून मागचं कापड दिसतं आणि पूर्ण तुकडा माझ्या मोबाइलपेक्षा लहान!

तर शंका अशा की हे थेट हाताने घडवायचे की साच्यात ओतायचे, रंग वरून लावलेला असतो की मेणातच असतो, आणि मेणासारखी वस्तू दोनतीनशे वर्षं टिकली तरी कशी. शिवाय एका ठिकाणी वाचलं की मेण म्हणजे फक्त धातूच्या किंवा चिनीमातीच्या कामाआधीचं मॉडेल असायचं, त्याला स्वतंत्र कला म्हणू नये. ते काही मनाला पटलं नाही पण माझ्याकडे उत्तरही नाही. मादाम तुसोचे पूर्णाकृती पुतळे मला नकोत, ते सगळ्यांना माहितीये, मला भिंतीवर टांगायच्या या चपट्या प्रकाराबद्दलच हवंय.

कोरणी

झकास विषय. हाताने की साच्यात, तर दोन्ही, आणि पुष्कळदा एकाच तुकड्यात दोन्ही. म्हणून तर नुसत्या फोटोवरून सांगणं अवघड जातं.

थेट कामाची रीत साधी आहे. पाटीचा किंवा काचेचा तुकडा घ्यायचा, त्यावर बाह्यरेषा आखायची, मेणाची छोटी गोळी बोटांत मळायची आणि दाबून चिकटवायची, मग हाडाच्या किंवा कठीण लाकडाच्या कोरण्यांनी आकार काढायचा, कोरणी अधूनमधून दिव्यावर किंचित गरम करायची. मधमाशांचं मेण वितळतं ६२ ते ६४ अंश सेल्सियसला, पण हाताच्या उबेला, म्हणजे ३५च्या आसपास, मळण्याइतकं मऊ होतं, आणि सगळी गंमत या मधल्या पट्ट्यात आहे. तुम्ही मातीत काम करता म्हणजे तुम्हाला माहितीच असेल की माती सुकते, आक्रसते, तडकते, ओलं फडकं गुंडाळत बसावं लागतं. मेणाला ती कटकट नाही. काम आज अर्धवट सोडलं आणि महिन्याने परत घेतलं तरी ते तसंच असतं, फक्त ऊब द्यायची. लावताही येतं आणि खरवडून काढताही येतं, आणि थंड झालं की पापणीची कड किंवा ओठांची मुरड इतकी धारदार राहते की ओल्या मातीत ते स्वप्नातही जमणार नाही.

नुसतं शुद्ध मेण मात्र कोणी वापरत नसे कारण थंडीत ते ठिसूळ होतं. जॉर्जो वसारी या इटालियन चित्रकार-लेखकाने १६व्या शतकात शिल्पकारांच्या मेणाची कृती लिहून ठेवलीय, त्यात मेणात थोडी चरबी, टर्पेंटाइन आणि काळं डांबर घालायला सांगितलंय. चरबीने मेण लवचीक होतं, टर्पेंटाइनने चिवटपणा येतो, डांबराने काळा रंग येतो आणि काम झाल्यावर कडकपणाही. पण थांबा, हे वाचून लगेच हार्डवेअरमधली टर्पेंटाइनची बाटली उपडी करू नका. तेव्हाचं टर्पेंटाइन म्हणजे झाडातून येणारा जाड चिकट चीक. आजचं पातळ टर्पेंटाइन मेण विरघळवतं, त्यामुळे हातात लगदा येईल.

आता साचा. मूळ चेहरा मेणात किंवा मातीत घडवायचा, त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, साचा पाण्यात भिजवायचा म्हणजे मेण चिकटत नाही, आणि मग रंगीत मेण ओतायचं. थंड होताना मेण आकसतं, त्यामुळे सुटतंही छान. अडचण येते ती अंडरकटची, कानामागची खोबण, विगचे कुरळे, लेसची सुटलेली टोकं, हे सगळं साच्यात अडकतं आणि काढताना मोडतं. म्हणून अनुभवी माणसं चेहरा आणि खांदे साच्यातून काढायची आणि कुरळे, बटणं, लेस नंतर हाताने चढवायची. तुम्हाला जी लेसची भोकं दिसली ती बहुधा अशीच, नंतर बसवलेली. आयझॅक गॉसेट (१७१३–१७९९) हा इंग्लंडमधला या धंद्यातला मोठा माणूस, मूळचं फ्रेंच ह्युगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट घराणं. त्याचं हस्तिदंती रंगाचं स्वतःचं मिश्रण होतं आणि एका माणसाच्या बऱ्याच प्रती तो काढत असे, त्यामुळे एकच चेहरा तुम्हाला वेगवेगळ्या संग्रहांत दिसतो.

रंगाचं म्हणाल तर चांगल्या कामात रंग मेणातच असतो. बारीक घोटलेलं रंगद्रव्य वितळलेल्या मेणात मिसळून प्रत्येक रंगाची वेगळी वडी करून ठेवायची, कातडीची वेगळी, केसांची वेगळी, कोटाची वेगळी, आणि ते तुकडे एकमेकांना जोडत जायचं. ब्रश फक्त शेवटी ओठ, बुबुळ, भुवई यासाठी. आता बघा, रंगद्रव्य कमी घातलं तर मेण थोडं पारदर्शक राहतं, उजेड आत शिरतो आणि आतून परत येतो, आपल्या कातडीतही तेच होतं. संगमरवरात हे थोडंफार दिसतं, ब्राँझमध्ये अजिबात नाही, रंगवलेल्या लाकडात नाही. सफेदा जास्त घातला की तेच मेण अपारदर्शक होऊन हस्तिदंतासारखं दिसायला लागतं. म्हणजे एकाच वस्तूतून दोन अगदी वेगळे परिणाम.

करून बघणार असाल तर एक सांगतो, सफेदा म्हणजे शिसं आणि हिंगूळ म्हणजे पारा, दोन्हीच्या वाटेला जाऊ नका, टायटॅनियम व्हाइट आणि लोखंडाचे लाल-पिवळे रंग सुरक्षित आहेत. आणि मेण कधीही थेट आचेवर नाही, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवूनच.

टाकसाळ

कोरणी यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण, पण मी जरा उलट बाजूने बोलतो. माझा छंद जुनी पदकं, आणि तिथून बघितलं तर मेण हा खर्डाच आहे, त्यात कमीपणा काय?

युरोपातल्या पोर्ट्रेट पदकांची सुरुवात पिसानेल्लोपासून धरतात, १४३८ च्या सुमारास त्याने बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं पदक केलं. आधी मेणात घडवायचं, त्यावरून साचा, मग ओतकाम. लिओने लिओनीने म्हाताऱ्या मायकेलएंजेलोचं पदक केलं १५६१ मध्ये, त्याचं मेणाचं मूळ रूप आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि लोक ते बघायला जातात ते पदकामुळेच. पुढे इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुडच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात तर ही पक्की साखळीच होती. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन १७७५ पासून त्यांच्यासाठी मेणात उठाव करून द्यायचा, त्यावरून साचे, त्या साच्यात जॅस्परची (वेजवुडची खास बारीक माती) पांढरी माती दाबायची आणि निळ्या अंगावर चिकटवून भाजायचं. भाजताना माती आक्रसते, त्यामुळे भाजलेल्या तुकड्यावरून परत साचा घेतला की आपोआप लहान आकार मिळतो, हे त्यांनी हुशारीने वापरलं. जेम्स टॅसीचंही तेच, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मेणात घ्यायचा आणि मग पांढऱ्या काचेच्या लगद्यात उतरवायचा. गॉसेटचे मेणाचे चेहरेसुद्धा वेजवुडने घेतलेत. मग यात मेणाची भूमिका काय उरते? मधली पायरी. जी मेणं आज शिल्लक आहेत ती फेकून द्यायची राहिली म्हणून शिल्लक आहेत असं माझं मत.

दिवाभीत

टाकसाळ, तुम्ही सगळे पुरावे एकाच टोपलीतले काढलेत. पदकवाल्यांच्या आणि कुंभाराच्या कारखान्यात मेण खर्डा असणारच. पण तुमच्याच पदकवाल्यांमधला एक माणूस घ्या, अँतोनियो अबोंदियो (१५३८–१५९१). मूळचा इटालियन, पण नाव कमावलं ते हॅब्सबर्ग सम्राटांच्या दरबारात, दुसरा मॅक्सिमिलियन आणि मग दुसरा रुडॉल्फ, व्हिएन्ना आणि प्राग. हा धातूची पदकं करायचा आणि त्याच माणसांची रंगीत मेणाची उठावचित्रंही. ती तळहातात मावतील एवढी, गोल धातूच्या डबीत बसवलेली, झाकण लावून खिशात टाकता येतील अशी. दाढीचं मेण वेगळं, कॉलरचं वेगळं, कपड्यांवर मेणातच सोनेरी कशिदा आणि कधी खरे बारीक मोती दाबलेले. आता मला सांगा, पुढे जर ते ब्राँझमध्ये ओतायचं असेल तर मेण रंगवायचं कशाला? धातू काय गालाची लाली घेणार आहे? मोती काय साच्यातून जाणार आहेत? म्हणजे ज्याला पदक कसं करायचं ते पूर्ण माहिती होतं त्यानेच दुसरी एक वस्तू वेगळ्या हेतूने केली, आणि राजेलोकांनी ती जपून ठेवली. माझ्या मते मेणाच्या उठावशिल्पाची खरी भावकी पदकाशी नाहीच, ती मिनिएचर पेंटिंगशी आहे. हातात धरायचं, जवळून बघायचं, मूळ माणूस आठवायचा.

आणि मेण काय करू शकतं हे बघायचं असेल तर व्हर्सायमध्ये चौदाव्या लुईचं आंत्वान बनुआने १७०५ च्या सुमारास केलेलं पोर्ट्रेट बघा. डबीतलं नाही, चांगलं माणसाच्या मापाचं, पण उठावच, बाजूने दिसणारा चेहरा. विग खऱ्या केसांचा, गळ्याशी खरी लेस, खरं कापड. राजा तेव्हा साठीच्या पलीकडे गेलेला. तोंडाजवळ खाली ओघळलेला गाल, सैल पडलेली पापणी, आणि गालावर देवीचे वण, लहानपणी १६४७ मध्ये त्याला देवी आल्या होत्या त्याच्या खुणा. याच राजाचं इयासाँत रिगोने १७०१ मध्ये केलेलं पूर्णाकृती तैलचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यात झगा, तलवार, ताठ पाय, चेहरा दुय्यमच. बनुआच्या मेणात झगा नाही, तलवार नाही, नुसता थकलेला म्हातारा आहे, आणि हे राजाने चालवून घेतलं! बनुआला तर १६६८ मध्येच दरबारी मंडळींच्या मेणाच्या प्रतिमांचं प्रदर्शन भरवायचा परवाना दिलेला होता, म्हणजे दरबाराला मेणाचं वावडं नव्हतं.

याची मुळं फार मागे जातात. रोमन सरदार घराणी पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घरात कपाटांत ठेवायची आणि अंत्ययात्रेत ते घालून माणसं चालायची. प्लिनी या रोमन लेखकाने तर लिहिलंय की चेहऱ्यावरून प्लास्टरचा साचा घेऊन त्यात मेण ओतायची युक्ती पहिल्यांदा लिसिस्ट्रॅटसने काढली, हा ग्रीक शिल्पकार लिसिपसचा भाऊ. चेहरा हुबेहूब हवा असेल तर मेण, हे समीकरण तेव्हापासूनचं आहे.

१८व्या शतकात मग हे दरबारातून खाली उतरलं. डब्लिनचा सॅम्युअल पर्सी (१७५०–१८२०) रंगीत मेणात खोल पेटीत इतका उंच उठाव करायचा की डोकी जवळजवळ सुटी होऊन बाहेर येतात. पीटर राऊची गुलाबीसर एकरंगी मेणं बघा, ती अगदी उलट, शांत आणि सपाट. बायका या धंद्यात बऱ्याच दिसतात आणि मला वाटतं त्याचं कारण व्यवहारी आहे. ब्राँझला भट्टी लागते, संगमरवराला कारखाना आणि गडीमाणसं लागतात, मेणाला एक टेबल, एक दिवा आणि चार कोरण्या पुरतात. कॅथरिन अँड्रास (१७७५–१८६०) राणी शार्लटची अधिकृत मेणशिल्पी होती. ब्रिटिश नौसेनापती नेल्सन ट्रफल्गारच्या लढाईला जायच्या आधी तिच्यासमोर बसला होता, तिने त्याचं उठाव पोर्ट्रेट केलं आणि नंतर वेस्टमिन्स्टर ॲबीसाठी त्याचा पूर्ण पुतळाही तिनेच केला. अमेरिकेतली पेशन्स राइट १७७२ मध्ये लंडनला आली, ती समोरच्याशी गप्पा मारता मारता मांडीवर ॲप्रनखाली मेण ऊबदार ठेवून घडवत बसायची. लोकांना ते बघून कसंसंच व्हायचं म्हणे, पण गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत.

संपलं कधी? १८३९ मध्ये डागेरोटाइप, म्हणजे सुरुवातीचा फोटो, आला आणि हुबेहूब चेहऱ्याचा मक्ता मेणाकडून गेला. काही वर्षं रेटारेटी चालली, मग फक्त हौशी लोक उरले.

टाकसाळ

अबोंदियोचा मुद्दा बिनतोड आहे, रंगीत मेणाबद्दल मी वाद घालणार नाही. पण एकरंगी, हस्तिदंती मेणाचं काय? गॉसेट आणि राऊ दोघंही. तिथे रंग नाही, मोती नाहीत, आणि प्रती निघतायत. ते मला अजूनही हस्तिदंताची स्वस्तातली नक्कलच वाटते.

दिवाभीत

नक्कल असेल, पण ती फ्रेम करून, काच लावून गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात टांगलेली नक्कल. गिऱ्हाइकाच्या लेखी ती पूर्ण वस्तू होती. वेजवुडने नंतर त्यावरून साचा घेतला म्हणून ती मागाहून खर्डा ठरत नाही. बाकी आपण दोघं यावर एकमत होऊ असं दिसत नाही, होऊ दे. :)

मधाचं_बोट

सगळी चर्चा राजेरजवाड्यांची चाललीय म्हणून मी स्वयंपाकघरातून शिरते. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात मेणाच्या उठावकामाचा एक मोठा प्रवाह होता जो कलावंतांचा नव्हताच, तो मधाच्या केकवाल्यांचा होता. झालं असं की पोळं घेतलं की मध आणि मेण दोन्ही हातात येतं, त्यामुळे मधाचे मसालेदार केक करणारा आणि मेणबत्त्या ओढणारा हा पुष्कळदा एकच माणूस असायचा, दोन्ही धंदे एकाच छपराखाली. केक ठसवायला त्याच्याकडे लाकडात उलटे कोरलेले साचे असायचे, संत, घोडेस्वार, तान्ही बाळं, हृदयं, आणि त्याच साच्यात तो मेणही ओतायचा. आधी साचा पाण्यात भिजवायचा, वर कोरणी यांनी प्लास्टरबद्दल सांगितलं तसंच. म्हणजे एकाच घोडेस्वाराची एक प्रत खायची आणि दुसरी भिंतीवर टांगायची, ही कल्पनाच मला फार आवडते.

मेणाच्या या प्रती नवसासाठी चर्चमध्ये वाहायच्या, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, गाय आजारी असेल तर मेणाची गाय, किंवा घरात पेटीत काच लावून ठेवायच्या. शिवाय तिकडे लांबच लांब बारीक मेणबत्तीची गुंडाळी करून तिचा पुस्तकासारखा चौकोनी ठोकळा करत आणि वर रंगीत मेणाची फुलं, संतांच्या आकृत्या, सोनेरी कागद असं सजवत. लग्नात वगैरे ती भेट द्यायची आणि ती बहुतेक कधीच पेटवली जायची नाही. नक्षी खराब होईल ना! मेणबत्ती असून जळत नाही, ही मेणाची सजावटी कलाच झाली की.

आणि सगळ्यात जास्त प्रमाणात निघालेलं मेणाचं उठावशिल्प कुठलं असेल तर माझं मत रोमच्या आन्युस देईला. पोपच्या आशीर्वादाची मेणाची चकती, ईस्टरच्या जुन्या मोठ्या मेणबत्तीच्या मेणातून केलेली, वर कोकराचा ठसा. पोप गादीवर आल्याच्या पहिल्या वर्षी आणि मग दर सातव्या वर्षी या चकत्यांना आशीर्वाद द्यायची पद्धत होती. लोक त्याचे तुकडे रेशमी पिशवीत, चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचे, वादळ, आग, बाळंतपण सगळ्यांवर उपाय. पहिल्या एलिझाबेथच्या काळात १५७१ मध्ये इंग्लंडने कायदा करून त्या देशात आणायलाच बंदी घातली. मेणाच्या चकतीवर कायदा! म्हणजे तिची ताकद सरकारलाही मान्य होती म्हणायची.

राजमुद्रांची मेणंही याच घरातली. हिंगुळाचं लाल, जंगालाचं (तांब्याच्या गंजाचं) हिरवं, वर सिंहासनावर बसलेला राजा उठावात. त्यांना कोणी शिल्प म्हणत नाही कारण ती कागदपत्रांच्या कपाटात असतात, पण हात लावून बघा, तोच प्रकार आहे.

रानजाई

अरे देवा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. ती न पेटवायची मेणबत्ती शोधायला मी लगेच पळतेय. पण माझा टिकण्याचा प्रश्न राहिलाच, इतकी वर्षं ही मेणं राहिली कशी? आणि अजून एक भर, लिलावाच्या साइट्सवर १८व्या शतकातलं म्हणून जे दिसतं ते खरंच तेवढं जुनं आहे हे कसं ओळखतात?

उदी

टिकण्याचं मी सांगते, संग्रहांची देखभाल हाच माझा विषय आहे.

मेण हा पदार्थ मुळात फार चिवट आहे. ते कुजत नाही, गंजत नाही, पाण्याने बिघडत नाही. त्याचे शत्रू तीनच, उष्णता, धूळ आणि माणूस. काचेच्या बंद पेटीवर ऊन पडलं की आतली हवा तापते आणि मेण मऊ होतं, चेहरा वितळलाच पाहिजे असं नाही, नाक किंचित ओघळलं तरी माणूस ओळखू येत नाही. मऊ झालं की धूळ आत रुतते आणि मग ती पुसून निघत नाही, कारण ती वर नसतेच. म्हणून ज्या मेणांची मूळ काच आणि मागचा कागद शाबूत राहिला ती उत्तम टिकली, आणि ज्यांची काच फुटली ती शंभर वर्षांत काळवंडली. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या की फ्रेम हा या वस्तूचा भागच आहे, नुसती सजावट नाही, आणि म्हणून कोणी फ्रेम बदलून दिली तर मला राग येतो.

थंडीत जुन्या मेणावर पांढरट थर येतो. ती बुरशी नव्हे, मेणातलेच काही घटक पृष्ठभागावर येऊन त्यांचे बारीक स्फटिक होतात. हलक्या उबेने जातो, पण घरच्या घरी हेअर ड्रायर धरायचा मोह आवरा, रंगीत तुकड्यांमध्ये कोणता आधी मऊ होईल याचा नेम नसतो. टर्पेंटाइन, स्पिरिट, थिनर यातलं काहीही नको. मऊ कोरडा ब्रश, तोही फक्त धूळ सुटी असेल तर. रंगांचं म्हणाल तर मातीचे रंग पक्के असतात पण वनस्पती आणि किड्यांपासूनचे लाल-गुलाबी रंग उजेडाने उडतात, म्हणून काही चेहरे आज आजारी, फिकट दिसतात, ते मुळात तसे नव्हते. तडे जातात ते थंडी-उन्हाच्या फरकाने, कारण मेण मागच्या काचेपेक्षा कितीतरी जास्त आकसतं-प्रसरतं.

जुनं-नवं ओळखण्याचं एक मोठं प्रकरण आहे. ते उठावाचं नाही, फ्लोरा नावाच्या अर्धपुतळ्याचं आहे, पण साहित्य तेच. बर्लिनच्या म्युझियमचे विल्हेल्म फॉन बोडे यांनी तो १९०९ मध्ये लिओनार्दोचा म्हणून घेतला. लगेच इंग्लंडमधून बोंब झाली की हा तर रिचर्ड कॉकल लुकासने १९व्या शतकात केलाय. हा लुकास (१८००–१८८३) मेणाची छोटी उठाव पोर्ट्रेटं करणाराच माणूस. त्याच्या म्हाताऱ्या मुलाने सांगितलं की पुतळ्याच्या पोकळीत जुने कपडे आणि कागद कोंबायला मी स्वतः होतो. उघडून बघितलं तर आत खरंच कापडं आणि कागद निघाले, तरी बोडेंनी हट्ट सोडला नाही. वाद शंभर वर्षं रेंगाळला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन (वस्तूतल्या कार्बनवरून वय काढण्याच्या) अभ्यासाने १९व्या शतकावर शिक्का मारला. त्यात भानगड अशी होती की मेणात स्पर्मासेटी, म्हणजे देवमाशाच्या डोक्यातली चरबी मिसळलेली होती. समुद्रातला कार्बन मुळातच जुना मोजला जातो, त्यामुळे सरळ हिशोब केला तर पुतळा आहे त्यापेक्षा जुना दिसतो, आणि हिशोबात मधमाशांचं मेण आणि ही चरबी, दोन्हींचा वाटा धरावा लागला.

साध्या डोळ्यांनी बघायचं तर मी आधी पाठ बघते. मागचा कागद, खिळे, काचेची जाडी, लेबल. मग कडा. साच्यातून घाईत काढलेल्या आधुनिक प्रतीत सगळ्या कडा सारख्याच गोलसर असतात, जुन्या चांगल्या कामात साच्याचा गुळगुळीतपणा चेहऱ्यावर असतो आणि कुरळ्यांवर, लेसवर कोरणीची धार वेगळी दिसते. आणि प्रयोगशाळेत मेणात पॅराफिन (खनिज तेलापासूनचं मेण) निघालं तर ते १८व्या शतकातलं असूच शकत नाही, पॅराफिन १९व्या शतकात आलं. अर्थात नंतरच्या दुरुस्तीतही पॅराफिन वापरलेलं असतं, म्हणून नमुना कुठून घेतला ते आधी विचारायचं.

टाकसाळ

फ्लोराचं प्रकरण भारी! बोडेंसारखा माणूस फसतो तिथे आपण लिलावाच्या फोटोवरून काय ठरवणार. उदी, यावर स्वतंत्र लेख टाकाच.

रानजाई

+१, लेख हवाच. कोरणी, एक शेवटचं विचारते. मी धीर करून छोटं पान करून बघितलं, प्लास्टरच्या साच्यातून सुंदर सुटलं, पण काचेवर बसवल्यावर दुसऱ्या दिवशी टचकन उडून वेगळं झालं, खाली काच स्वच्छ. काय करायला हवं होतं?

कोरणी

उदी यांनी सांगितलं तेच, मेण आकसलं आणि काच तशीच राहिली, त्यात काच गुळगुळीत, पकडायला काही नाही. गरम मेण थंड काचेवर टेकवलंत की जिथे टेकलं तिथे लगेच कातडी धरते आणि खरं चिकटतच नाही. काच आधी कोमट करून घ्या, हाताला सोसेल एवढीच, वर स्पिरिटने पुसून बोटांचे डाग घालवा. मग मेण, थोडी राळ आणि थेंबभर जाड चीक असं चिवट मिश्रण वितळवून पानाच्या पाठीला पातळ हात द्या, फक्त मधल्या भागाला, कडांना नको, म्हणजे कडा मोकळ्या राहून आकसू शकतील. दाबून ठेवा आणि पंख्यापासून लांब, सावकाश थंड होऊ द्या. पान जाड असेल तर पाठीमागून पोकळ करा, जाडी जितकी सारखी तितका ताण कमी. आणि हे सगळं करून परत उडालं तर काच सोडा, पाटी घ्या, तिचा खरखरीतपणा मेण स्वतःच धरून ठेवतं. फोटो टाका झालं की.